खर्डा आणि मिक्श्चर

बेचाळीसच्या चळवळीचे दिवस होते आणि मी तासगावच्या एका दवाखान्यात कंपौंडर होतो. एकदा कराडहून सर्व्हिस मोटारीनं परतताना शेजारी एक पटकेवाला बसला. मांडीवर पांढऱ्या मिक्श्चरची बाटली, तिला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली.

"छातीत लय जळजळतंय," तो आपणहून म्हणाला आणि थोड्याच वेळात फडकं सोडून भाकरीबरोबर मिरचीचा खर्डा खायला लागला! मला संतापच आला. आम्ही सोडा-मॅग्नेशिया घोटायचा तरी कशाला?

वाटेत पोलिसांनी मोटार अडवली. भूमिगतांच्या चिठ्ठ्या शोधत होते. जमादारानं आधी पटकेवाल्याच्या बोटांना लागलेला खर्डा पाहिला, मग बाटली. छातीच्या जळजळीवरचं औषध आहे, असं त्यानं सांगितलं.

"जळजळतंय आन् खर्डा खातोस व्हय रं? पी बघू."

त्यानं बाटली न हलवताच तोंडाला लावली. औषध खाली उतरलं तशी पट्टीच्या आतल्या अंगाची बारीक अक्षरं मला काचेतून दिसली. त्यानं सावकाश तिथं पंजा धरला.

जमादार मला ओळखत होता. "कंपौंडर, औषधच हाय का हे?"

मी त्याच्याकडून बाटली घेतली आणि त्या अक्षरांवर तसाच पंजा धरून हुंगली. ज्वारीचं पीठ कालवलेलं पाणी!

"सोड्याचं मिक्श्चर. आमच्याच दवाखान्यातलं," मी म्हणालो.

मोटार सुटली. तो उरलेली भाकरी खर्ड्याला लावून खायला लागला. छाती चोळत होतो तो मी. ते बघून त्यानं बाटली पुढं केली.

"घ्या एक घोट. खर्डा मी खाल्ला आन् जळजळ तुमाला?"