खलाशाच्या टाकीचा फिल्टर

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी ओढून ताईचे खांदे भरून येत. मशीनच्या तोंडातून पिळलेल्या चादरींचा गुंता बाहेर काढायचा, सोडवायचा, सुकवायच्या यंत्रात कोंबायचा. तोवर दुसरं मशीन थांबलेलंच. तिथं सगळेच तिला ताई म्हणत, वयानं मोठ्या बायकासुद्धा. हक्कानं ताई म्हणणारा मात्र एकच होता, तिचा धाकटा भाऊ. तो घरी, पुढच्या खोलीत पलंगावर पडून असायचा.

भाऊ जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता. एकदा शिडीवरून पडला, मणका गेला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. हात तेवढे शाबूत राहिले. इमारतीतले लोक त्याला अजूनही खलाशी म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. त्याला अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, उचलून खुर्चीत बसवणं, सगळं ताई करायची. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. मधल्या वेळात शेजारच्या काकू डोकावून जात.

जहाजावरचा त्याचा एक जुना सोबती गाव सोडून चालला होता. जाताना तो आपली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी खलाशाच्या गळ्यात मारून गेला. आत भोकाभोकांचे समुद्रातले दगड, त्यांवर बटणांएवढी हिरवी-जांभळी पोवळी आणि दोन नारिंगी मासे. सगळं जिवंत. टाकी समोरच्या भिंतीपाशी कपाटावर ठेवली. तिचा फिल्टर मात्र जुना होऊन निकामी झाला होता, नुसती मोटर तेवढी चालायची.

"ताई, पाणी नुसतं फिरतंय, गाळलं जात नाहीये," खलाशी म्हणाला. "असंच राहिलं तर हे सगळे मरतील."

"चहाची गाळणी देऊ का?"

तो हसला, पण नजर टाकीवरून हलली नाही. अपघातानंतर पहिल्यांदाच तो कशात तरी गुंतला होता. म्हणून कामावरून सुटल्यावर, पाय घरापर्यंत न्यायलाही कुरकुरत असताना, ताई माशांच्या दुकानात गेली.

दुकानदार म्हातारा होता, घाई न करणारा. त्यानं तीन प्रकार समोर मांडले. एक मोठा बंद डबा, टाकीखाली ठेवायचा. पाणी भरपूर गाळतो, पण वरचेवर उघडून धुतला नाही तर आतली घाण आतच कुजते. दुसरं फेसाचं यंत्र. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसाला चिकटून वर चढते आणि एका पेल्यात जमते. तिसरा साधा, टाकीच्या काठावर अडकवायचा. त्यात पांढऱ्या कापसासारखी गादी असते, ती घाण धरते.

"कमी हात कशाला लावावा लागतो?" ताईनं विचारलं.

"खरं सांगू? हात सगळ्यांनाच लावावा लागतो. एवढ्याशा टाकीत अर्धं काम ते दगडच करतात, त्यांच्या भोकांतले बारीक जीव घाण खातात. उरलेलं कोण करणार, तेवढं ठरवा."

ताईनं भावाला फोन लावला. त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "फेसाचं यंत्र आण. एकदा लावलं की आपलं आपण चालतं." ताईच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनं तेच आणलं आणि तो सांगेल तसं काठावर बसवलं. यंत्र गुरगुरत चालू झालं. खलाशी इंजिनाचा आवाज ऐकावा तसा कान देऊन ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी चादरींच्या घड्या करत असताना काकूंचा फोन आला. "ताई, घाबरू नकोस, पण ये."

घराचं दार उघडंच होतं. खोलीभर खारट पाणी पसरलं होतं आणि खलाशी त्या पाण्यात, पलंग आणि कपाटाच्या मध्ये, पालथा पडला होता. काकूंना एकटीनं तो उचलवेना म्हणून त्यांनी डोक्याखाली उशी सरकवली होती. ओढून काढलेली वायर त्याच्या मुठीत होती.

झालं होतं असं, की नवं यंत्र भलताच फेस काढायला लागलं. पेला भरला, उतू गेला, पाणी कपाटावरून जमिनीवर आणि तिथून विजेच्या बोर्डाकडे निघालं. खलाशी ते सगळं पलंगावरून बघत होता. काकूंना हाका मारल्या, त्या गच्चीवर होत्या. शेवटी त्यानं स्वतःला पलंगावरून खाली लोटलं, कोपरांवर सरपटत गेला आणि वायर उपटली.

दोघींनी मिळून त्याला पलंगावर घेतलं. काकू गेल्यावर ताईनं त्याचे ओले कपडे बदलले, सोललेल्या कोपरांना मलम लावलं आणि पोतेरं घेऊन खाली बसली. दिवसभर पाणी, घरी आलं तरी पाणी. तिनं पोतेरं बादलीत पिळलं आणि म्हणाली, "देऊन टाकू ही टाकी."

"दे."

"एवढ्या लवकर हो म्हणालास?"

तो छताकडे बघत होता. "मला वाटलं, एक तरी गोष्ट घरात अशी असेल, जिच्यासाठी तुला उठावं लागणार नाही. माझं तर सगळंच तुझ्यावर आहे. म्हणून यंत्र मागितलं."

ताईनं पोतेरं पुन्हा बादलीत पिळलं. राग यायलाही ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "तू अंग ओढत तिथवर गेलास, ते हातांच्याच जोरावर ना?"

"मग?"

"मग टाकीच तुझ्या हाताशी आणते."

काकूंच्या जावयाला बोलावून तिनं टाकी पलंगाशेजारच्या बुटक्या मेजावर हलवली. बोर्ड भिंतीवर उंच, पण त्याचा हात पोचेल असा बसवून घेतला. फेसाचं यंत्र परत देऊन काठावर अडकवायचा साधा फिल्टर आणला. दुकानदारानं बजावलं, गादी नळाच्या पाण्यात धुवू नका, तिच्यातले उपयोगी जीव मरतात. टाकीतलंच थोडं पाणी काढा आणि त्यात खळबळा.

खलाशी उशांना टेकून मांडीवर टब घेई, नळीनं टाकीतलं पाणी त्यात ओढी आणि गादी पिळत बसे. पहिल्या वेळी अर्धी चादर भिजली. ताईनं ती बदलली. हलवाहलवीत जांभळ्या पोवळ्यांचा एक झुपका मेला. दोन दिवसांनी त्यानं तो दगड स्वतःच खरवडून साफ केला.

ताईचं दमणं काही संपलं नाही. मिठाचं नवं पाणी कालवून बादली पलंगापर्यंत तिलाच आणावी लागे, आणि सकाळ-संध्याकाळची उचलठेव होतीच. पण एका संध्याकाळी ती घरात शिरली, चपला काढल्या आणि सवयीनं विचारलं, "फिल्टर धुवायचा राहिलाय का?"

"सकाळीच धुतला," तो म्हणाला. "तू निघाल्यावर. टबातलं पाणी काकूंनी ओतलं."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीलगत, जरा आडवी झाली.