जयवंतचा उजवा हात

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत हर्षदचा गाळा आहे. तिथे मोडक्या बादल्या, खुर्च्या, डबे येतात आणि चुरा होऊन बाहेर पडतात. मी पहिल्यांदा गेलो तो माझी पेटी घेऊन. चाळीस वर्षं रंगमंचावर मिरवलेले मुकुट, बाजूबंद, दोन तलवारी. सगळं प्लास्टिक. राजेपण संपल्यावर ते घरात ठेवणार कुठे?

छाटणीला, म्हणजे कडक आणि नरम माल वेगळा करायला, जयवंत बसला होता. पन्नाशीचा, मूळचा देवगडकडचा, वडील गिरणीत. उजवा हात मनगटापासून नाही. सहा वर्षांपूर्वी याच गाळ्यातल्या, चुरा करणाऱ्या ग्राइंडरने घेतला. त्याने माझा मुकुट उजव्या थोट्या मनगटावर टेकवला, डाव्या नखाने टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"कडक माल, काका. राजाचो असलो तरी त्याच ढिगात."

मी पोटभर हसलो. टिचकीची थरथर तो मनगटाने ओळखायचा. एवढी नेमकी छाटणी गाळ्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. शंका आली तर शेजारी पाण्याचा टब होता. नरम माल तरंगतो, कडक बुडतो. जयवंतला टब क्वचितच लागे; त्याच्या हाताखाली शिकणारी श्वेता मात्र दर तुकडा टबात टाकून बघे.

मग मी रोजच जाऊ लागलो. एकदा तो म्हणाला, "तो हात अजून आसा, काका. मूठ मिटलेली. नखं तळव्यात रुततात. माल तपासताना तेवढी सैल होते. तुम्हाला खोटं वाटेल."

"मला रोज साडेआठला तिसरी घंटा ऐकू येते," मी म्हणालो. "उठून उभा राहतो. समोर भिंत असते."

त्याने आपल्यातला अर्धा चहा मला दिला.

गेल्या फेब्रुवारीत माल घेणारी एक मोठी पार्टी गाळा बघायला येणार होती. हर्षदने एका संस्थेकडून कृत्रिम हात आणला. गोरापान, नखांवर गुलाबी झाक.

"दादा, हा घालायचा. नाहीतर उद्या घरी बस."

"मग माल कोण दाखवणार?"

"श्वेता दाखवेल. तुझा हात बघून लोक आधी मशीनकडे बघतात रे. ऑर्डर जाईल."

"बघू देत की. मी रोज बघतो."

तरी दुसऱ्या दिवशी तो हात घालून आला. एकदा घरी बसला की ही जागा श्वेताची होणार, हे त्याला कळत होतं. मी त्या गुलाबी नखांकडे पाहत राहिलो. मीही खोट्या दाढ्या लावल्या, पण त्या मला हव्या होत्या म्हणून.

पार्टीकडून रेवती नावाच्या बाई आल्या. त्यांनी एक झाकण पुढे केलं. जयवंतने ते गुलाबी बोटांवर टेकवून टिचकी मारली. पुन्हा मारली. त्याच्या कपाळावर घाम आला. वाक्य विसरलेल्या नटाचा तो चेहरा मी अनेकदा पाहिला आहे.

"नरम," तो शेवटी म्हणाला.

श्वेताने झाकण टबात टाकलं. ते बुडालं. हर्षद खाली बघू लागला.

जयवंतने दातांनी पट्टा सोडला. तो खोटा हात उघड्या मनगटावर टेकवला, टिचकी मारली. "हा नरम," म्हणाला आणि टबात सोडला. हात तरंगला, तळवा वर करून.

"आता द्या, बाई."

बारा तुकडे झाले. बाराही बरोबर. सातव्यानंतर रेवतीबाईंनी टबाकडे बघणंच सोडलं. त्यांची नजर ग्राइंडरवर होती.

"याला जाळी कधी बसवली?"

हर्षद जाळीवरची धूळ पुसू लागला.

"नंतर," जयवंत म्हणाला.

त्या गेल्या. ऑर्डरचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हर्षद त्यांना दारापर्यंत सोडून आला आणि म्हणाला, "दादा, उद्या लवकर ये. माल जास्त आहे."

जयवंतने मान हलवली, पण तो आनंदला नाही. मनगट छातीशी घट्ट धरून बसला होता.

"काका, तो पाण्यातून काढा. मघापासून गार लागतंय."

मी हात बाहेर काढला. उपरण्याने एकेक बोट पुसत गेलो, सावकाश, जसा प्रयोगानंतर रंग पुसायचो. तो डोळे मिटून होता.

"झालं?" मी विचारलं.

"अंगठो अजून ओलो आसा."