जावई पुढे, गुडघा मागे

“बाळ, तू ऊठ. इथे आमचे जावई बसतील.”

मी बेल्ट लावून बसले होते. विमानातली पहिली रांग, कडेची सीट. पाय सरळ करता येतील एवढी जागा समोर होती. माझी उंची सहा फूट एक इंच. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. गुडघा फार वेळ दुमडून ठेवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून क्लबनेच ती सीट माझ्यासाठी घेतली होती. त्याच रांगेत खिडकीशी हरलीन होती. इंदूरची, माझ्यासारखीच उंच. आम्ही दोघी एकाच क्लबकडून व्हॉलीबॉल खेळायचो. टीम इंदूरहून चेन्नईला स्पर्धेला निघाली होती.

समोर उभे होते क्लबचे उपाध्यक्ष. उज्जैनचे. मराठी. जुन्या दरबारी घराण्यातले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. जावई पहिल्यांदाच त्यांच्यासोबत प्रवासाला आले होते, चेन्नई बघायला. जावयांची सीट शेवटच्या रांगेत आली होती.

मी म्हटलं, माझा गुडघा, दादासाहेब. ते हसले. प्रेमाने हसले, हे सांगायला हवं.

“अगं, दोन तासांचा प्रश्न आहे. जावयांना काय संडासाजवळ बसवायचं? तू आपलीच आहेस म्हणून तुला सांगतोय.”

मी उठले.

सामानाचे कप्पे डोक्याला लागू नयेत म्हणून मान खाली घालून चालत गेले. सगळं विमान बघत होतं. कोणाला वाटलं असेल, ही चुकीच्या सीटवर बसली होती, हाकलली तिला. शेवटची रांग, मधली सीट. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत रुतले. शेजारचा माणूस म्हणाला, मैडम, टाँगें सँभालिए. कुठे सांभाळू? काढून वर सामानात ठेवू? विमान धावपट्टीवर बराच वेळ नुसतंच उभं राहिलं. उतरायची वेळ आली तेव्हा मला उभं राहता येईना. माझ्या टीममधल्या दोघींनी काखेत हात घालून मला बाहेर आणलं. जावई पुढच्या दारातून केव्हाच उतरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मी उडीच मारू शकले नाही. कोचनी पहिल्या सेटनंतर मला बाहेर बसवलं. आम्ही हरलो.

हॉटेलवर हरलीन माझ्या गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. मी तिला विचारलं, तुझी सीट का नाही मागितली त्यांनी? तूही त्याच रांगेत होतीस. ती सहज म्हणाली,

“मुझसे बोला ही नहीं। बोलते तो मैं पूछती, क्यों?”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. दादासाहेबांनी नीट बघून माणूस निवडला होता. हरलीनशी ते हिंदीत बोलतात, अदबीने, बेटा-बेटा करत. माझ्याशी मराठीत. आणि आमच्या उज्जैनात त्या मराठीचा एक अर्थ मी लहानपणापासून बघत आले होते. माझे बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर होते. मराठी मंडळाच्या गणपतीत सतरंज्या उचलायला बाबा आपले. खुर्च्या देवास गेटवरून हातगाडीवर आणायला बाबा आपले. पहिल्या पंगतीला मात्र डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर. ती जेवून उठली की मग कोणीतरी हाक मारायचं, या हो, तुम्ही तर आपलेच, तुम्ही मागून बसा. बाबा खूश व्हायचे. मीही व्हायचे. आपलं म्हटलं ना त्यांनी.

त्या दिवशी मला कळलं की आपलं म्हणजे ज्याला न विचारता उठवता येतं ते.

मी सुजलेल्या गुडघ्याचा फोटो काढला. खाली हिंदीत एकच ओळ लिहिली, “खिलाड़ी का घुटना पीछे, दामाद जी आगे।” कोणाचं नाव लिहिलं नाही. आणि सोशल मीडियावर टाकला.

सकाळपर्यंत तो फोटो कुठच्या कुठे गेला होता. आणि मग लोक आले. पहले मेडल लाओ, फिर सीट माँगना. पहली बार प्लेन में बैठी है, नखरे देखो. इतनी लंबी हो तो ट्रक में जाओ. कोणी सीमेवरचे जवान काढले. ते बर्फात उभे आहेत आणि मॅडमला पाय पसरायला जागा पाहिजे. माझ्या पायांबद्दल काही जणांनी जे लिहिलं ते इथे लिहिणार नाही. लिहिणाऱ्यांत दोघे तर मुलींचे बाप होते, प्रोफाईलवर मुलींचे फोटो होते.

हे सगळं मी पचवलं. पचलं नाही ते एका जुन्या खेळाडूचं. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या काळी आम्ही रेल्वेच्या डब्यात दाराशी वर्तमानपत्र अंथरून गेलो, कधी तक्रार केली नाही. खाली हजार टाळ्या. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. अहो, तुम्हाला दाराशी बसवलं हा तुमचा अपमान होता. तुम्ही तो छातीवर लावून मिरवताय. आणि आता आम्हाला सांगताय, तुम्हीही बसा, खेळाडू असंच घडतो. दाराशी बसून कोणी घडत नाही. दाराशी बसायला शिकतो, बस.

मग मराठी मंडळाचा ग्रुप जागा झाला. तिथे शिव्या नव्हत्या. तिथे शुद्ध मराठी होती. आपल्या माणसाची अशी चव्हाट्यावर बदनामी करणे शोभत नाही. घरातली गोष्ट घरात मिटवावी. माझ्या सख्ख्या मामाने त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. गुडघ्याबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही.

आम्ही परत आलो आणि दादासाहेब स्वतः नानाखेड्याला आमच्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. बाबांची नुसती धांदल. आईने चांगले कप काढले. दादासाहेब म्हणाले, मूल आहे, चुकतं. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये हिचा सत्कार ठेवू. टीमही येईल. तिथे चार ओळी बोलेल की गैरसमज झाला होता. कोणी तरी मोबाईलवर घेईल, तेही टाकू. विषय संपला. जाता जाता त्यांनी सांगितलं की पुढच्या लीगसाठी क्लबची टीम त्यानंतर जाहीर होणार आहे.

त्या लीगसाठी मी ऑपरेशननंतर रोज रडत रडत जिने चढले होते. हे त्यांना ठाऊक होतं.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, “बोलून टाक नं. आपलं काय बिगडतं? इथेच राहायचंय आपल्याला.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही. मी काही बोलले नाही. त्यांनी ते हो धरलं.

रविवारी फ्रीगंजच्या त्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत नेहमीची मंडळी. टीमच्या मुली एका बाजूला, कोचही. बाबा सगळ्यात मागे, उभे. शाल झाली, श्रीफळ झालं. दादासाहेब मराठीत बोलले, छान बोलतात ते. आपल्या समाजाची लेक, आपली शान. टीमच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या, त्यांना अर्धं कळत नव्हतं. मग दादासाहेबांनी माईक माझ्या हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला. “बोल बाळ.”

मराठीत बोलले असते तर ती घरातली गोष्ट झाली असती. तिथेच मिटली असती. मी टीमकडे तोंड केलं आणि हिंदीत बोलले.

“मुझे सीट से मराठी में उठाया गया था। प्यार से। जवाब मैं हिंदी में दे रही हूँ, ताकि मेरी टीम भी समझे। मैंने जो लिखा, सच लिखा। मैं माफ़ी नहीं माँगूँगी। माफ़ी मुझे चाहिए।”

दादासाहेब हळू म्हणाले, मराठीत बोल. मी म्हटलं, नहीं. शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरले. हॉलच्या मागच्या बाजूला बघितलं तर बाबा नव्हते.

बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांना मंडळात बोलावणं येत नाही आता, आणि ते त्यांना लागलंय. मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं. त्यांना समजावायला मी जात नाही. लीगची टीम जाहीर झाली. माझं नाव नाही. हरलीनचं आहे. ती नाही जाणार म्हणाली होती, मीच तिला जा म्हटलं. कोचनी फोनवर सांगितलं की तू हट्टी आहेस, नुकसान तुझंच झालं. झालं. मोठं झालं. खोटं कशाला बोलू, रात्र रात्र तळमळते मी.

तो फोटो मी डिलीट केलेला नाही. त्याखाली अजूनही लोक येऊन घाण टाकून जातात. टाकू देत.

पुढच्या महिन्यात भोपाळला दुसऱ्या क्लबच्या ट्रायल आहेत. मी जाणार आहे. घेतलं तर खेळेन, नाही घेतलं तर आणखी कुठे जाईन, पण खेळणार. तिथेही कोणी साहेब असतील. त्यांनाही जावई असेल, साला असेल, पाठ धरलेली बायको असेल. कोणीतरी माझ्या सीटशी उभं राहून गोड आवाजात बोलेल, हिंदीत नाहीतर मराठीत. मी सगळं ऐकून घेईन. बेल्ट सोडणार नाही. मला उठवायचं असेल तर चार माणसं आणा, आणि सगळ्या विमानादेखत उचला.