अकराव्या रिळातली लढाई

पडद्यावर ‘दि एंड’ आलं, पण बाकांवरचं कोणी उठलं नाही. मी कॅबिनच्या झरोक्यातून खाली बघत होतो. मग पुढच्या बाकावरून एकजण ओरडला, “आरं, लढाई कुठंय?” पाठोपाठ बाक मोडल्याचा आवाज आला.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या एका गावात पत्र्याच्या थिएटरात मी ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. बाजाराच्या दिवशी त्यांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी दुपारी आमचे दोन खेळ. नवे हिंदी पिक्चर आमच्यापर्यंत येईनात, तेव्हा मालकांनी एक जुना इंग्रजी तलवारबाजीचा पिक्चर मागवला. चारशे वर्षांपूर्वीची इटली. इकडे नगरच्या किल्ल्यात निजामशाही होती, त्या सुमाराची गोष्ट. एक दुष्ट सरदार, एका चित्रकाराचा तरणाबांड मुलगा, एक मुलगी, आणि दर दहा मिनिटांनी तलवारी.

इंग्रजी कोणाला कळणार? त्यासाठी उस्मानभाई होते. ते आमचे डोअरकीपर. तिकिटं फाडून झाली की पडद्याशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि माईकवरून गोष्ट मराठीत सांगायचे. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं, पण त्याने कधी काही अडलं नाही. त्यांच्या तोंडी इटलीतला सरदार ‘सुभेदार’ व्हायचा आणि चित्रकाराचा मुलगा ‘आपला गडी’. बाहेरच्या पोस्टरवर जिन्यातली लढाई होती. ती बघून उस्मानभाईंनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, “बसून ऱ्हावा, शेवटाला जिन्यातली लढाई लई भारी हाय.”

आणि ती लढाई पिक्चरमध्ये नव्हतीच.

सरदार तलवारीच्या एका फटक्यात मेणबत्त्यांची समई आडवी करतो, दालनात अंधार होतो. पुढच्या क्षणी भर उन्हात पोरगा आणि पोरगी पायऱ्यांवर उभे, आणि ‘दि एंड’. मधली दोन-तीन मिनिटं गायब.

चूक माझी होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पिक्चरची पेटी एसटीने आली की प्रत्येक रीळ हाताने गुंडाळत तपासायचं. फिल्मच्या कडा चिमटीत धरायच्या. कडेला भोकं असतात, त्यांत मशीनचे दात बसतात. फाटलेलं भोक बोटाला लगेच लागतं. जे फाटलं-तुटलं असेल ते पेटीतल्या कार्डावर लिहायचं आणि खाली सही करायची. लिहिलं नाही तर नुकसान तुम्ही केलं. त्या सकाळी मी पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभा राहून आलो होतो. दहा रिळं तपासली. अकराव्याचं झाकण उघडलं, बघितलं, लावलं आणि उभ्याउभ्याच सही केली. आधीच्या कुठल्या तरी गावात लढाईचा भाग फाटला असणार आणि तिथल्या गड्याने तो कापून दोन टोकं चिकटवून दिली असणार. माझ्या सहीने ते पाप आता माझं झालं होतं.

मालक जिना चढून वर आले. शांत माणूस, पण त्या वर्षी तेही टेकीला आले होते.

“जगताप, तहसीलवाले दोनदा येऊन गेले. धान्य ठेवायला शेड मागतायत. मी म्हटलं, आमचे खेळ चालू आहेत.”

“हो मालक.”

“पहिल्या खेळाची माणसं उठत नाहीयेत. म्हणतात, लढाई दाखवा मगच जाऊ. त्यांना तसंच बसू देतो. पण दुसऱ्या खेळाला एक जरी बाक मोडला, तर उद्या शेडची किल्ली तहसीलला. तुमचं तुम्ही बघा, उस्मानचं उस्मान बघेल.”

वाईट वाटलं, पण ते खोटं बोलत नव्हते. मला दुसरं काम येत नव्हतं. उस्मानभाईंच्या घरात तर सहा माणसं त्या दरवाज्यावर जगत होती.

खेळाला तास होता. मी उस्मानभाईंना वर बोलावलं. म्हटलं, “तिसऱ्या रिळात बागेतली लढाई आहे. ती कापून शेवटी जोडतो.”

“एकच लढाई दोनदा? आन् त्यात आपला गडी हरतोय की! पब्लिक येडी हाय व्हय, जगतापभाऊ?”

“मग काय करू? माझं डोकं चालत नाही.”

ते विडी न पेटवता नुसतीच तोंडात धरून बसले. कॅबिनमध्ये पेटवायला बंदी होती. मग म्हणाले, “समई पडल्याव अंधार हुतो ना?”

“होतो.”

“मग अंधारातच करू की लढाई. दिसायचं काय काम हाय?”

मला हसायलाही त्राण नव्हतं, पण दुसरा मार्गही नव्हता. चिकटवलेला सांधा मी तोडला. समई पडेपर्यंतचा तुकडा एका मशीनवर, पायऱ्यांवरचा शेवट दुसऱ्या मशीनवर. मध्ये दिव्यापुढची झडप पाडून अंधार. उस्मानभाईंनी मागच्या अंगणातली पहार आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतली कानस घेतली. कानस पहारीवर ओढली की अंगावर काटा येईल असा आवाज निघे. खूण ठरली. ते म्हणणार, “उजाडलं,” की मी शेवट सोडायचा.

दुसऱ्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचं रीळ आलं. समई पडली. मी झडप पाडली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे दोन-चार कवडसे सोडले तर थिएटरात मिट्ट काळोख झाला. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी बाकावर पाय आपटला.

तेवढ्यात माईकवर खण्ण झालं. मग कानस पहारीवरून लांबच लांब घासत गेली. शिट्ट्या थांबल्या.

“सुभेदार वरच्या पायरीवर हाय,” उस्मानभाई हळूच म्हणाले. “आपला गडी खाली. त्याला काय बी दिसंना. त्यानं पायातला बूट काढला... आन् दिला फेकून.” खाली ठप्प. “सुभेदार तिकडं वळला!”

खण्, खण्, खण्ण. बायकांच्या बाजूने एक म्हातारी ओरडली, “आरं, मार की त्याला! वाट कशाची बघतूस?”

“कसा मारील, आजे? हाताला लागलंय त्याच्या,” उस्मानभाईंनी उत्तर दिलं, आणि लढाई आणखी लांबवली.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. मशीनचा दिवा म्हणजे दोन कार्बनच्या कांड्या, समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पेटती ठेवायची. कांड्या जळत जातात. दुसऱ्या मशीनचा दिवा मी आधीच पेटवून ठेवला होता आणि त्यात शेवटची थोटकं होती. ती संपली तर पायऱ्यांवरचा शेवट दिसणार नव्हता. चार मिनिटं झाली. सहा झाली. उस्मानभाई रंगात आले होते, उजाडायचं नाव नाही. मी पाना घेऊन कॅबिनच्या भिंतीवर जोरात तीनदा ठोकलं.

“दार कोन वाजवतंय?” माईकवर आवाज आला. “सुभेदाराचं शिपाई आलं की रं!”

आता आणखी शिपाई. मी कपाळाला हात लावला. थोटकं दीडेक बोटभर उरली. मी झरोक्याला तोंड लावून ओरडलोच, “उस्मानभाई, उजाडू द्या आता!”

सगळं थिएटर ओरडायला लागलं, “उजाडू द्या! उजाडू द्या!” शेवटची एक खण्ण झाली, पहार दाणकन जमिनीवर पडली, आणि उस्मानभाई म्हणाले, “पडला सुभेदार. उजाडलं.”

मी शेवट सोडला. भर उन्हात पोरगा-पोरगी पायऱ्यांवर. दिवसभर खडी फोडणारी ती माणसं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. ‘दि एंड’वर दिवा आपोआप विझला. मी तिथेच जमिनीवर बसलो. डोळे भरून आले होते. थकव्याने म्हणा.

बाक एकही मोडला नाही. मालक वर येऊन म्हणाले, “तहसीलला नकार कळवतो.” थिएटर दुष्काळभर चालू राहिलं.

पिक्चर भाड्याने देणाऱ्या कंपनीला मी खरं काय ते पत्राने कळवलं. पुढच्या बाजाराला कंपनीने अकरावं रीळ बदलून पाठवलं, अखंड लढाईसकट. सोबत चिठ्ठी : ‘आपल्या ऑपरेटरने लढाई कापल्याचे कार्डावरून सिद्ध होते, समज द्यावी.’ मालकांनी समज दिली. मी घेतली. ते रीळ मी बसून, इंच न् इंच तपासलं आणि लावलं. जिन्यातली खरीखुरी लढाई, अडीच मिनिटांची. ती संपल्यावर तीच म्हातारी उठून वर कॅबिनकडे बघत म्हणाली, “ह्यात बूट न्हाई फेकला. ह्यातली लढाई कापलीया कोनी तरी.”

तेव्हापासून मी शेवटचं रीळ सगळ्यात आधी तपासत आलो. सही बसून करतो.