आमच्या दुकानाचं वय

टेप घेऊन आलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझं आजोळ डिचोलीच्या खाणपट्ट्यातलं. तिथे एकदा दोघेजण टेप आणि काठ्या घेऊन आले, मामाच्या विहिरीचं पाणी प्यायले, "नुसती मोजणी आहे" म्हणाले आणि गेले. काही वर्षांनी मामाच्या कुळागराला, पोफळीच्या बागेला, लागून खाणीच्या मातीचा ढीग उभा राहिला आणि पावसात ती माती पोफळींच्या बुंध्यांत येऊन बसली. इकडे पेडण्यात विमानतळ आला, रस्ता रुंद झाला, तेव्हाही सुरुवात टेपनेच झाली होती. त्यामुळे कुणी भिंतीला टेप लावली की आमची माणसं गोड हसतात, पाणी विचारतात आणि थाप मारतात.

माझ्यात हा गुण जरा जास्तच उतरला आहे. मी शिक्षिका होते. इब्रामपूरपासून केरीपर्यंत तालुक्यातल्या बऱ्याच शाळांत बदल्या झाल्या. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना पाठीमागे कोण काय करतंय ते मला कळायचं, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. कुणी फारच नम्रपणे बोलायला लागलं, की याला काय हवंय, असा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. नमस्काराला उत्तर मग देते.

माझा थोरला भाऊ याच्या अगदी उलट. आमचं पेडण्याच्या बाजारात चहाचं दुकान आहे. सकाळी उंडे पाव आणि पातळ भाजी, दुपारनंतर मिरचीची भजी. दुकान वडिलांनी भाड्याने घेतलेलं, इमारत मालकाची, म्हणजे भाटकाराची. चिऱ्यांच्या भिंती, वर लाकडी सज्जा, शिंपल्यांच्या तावदानांच्या दोन खिडक्या, दारात बसायला सोपो. पोर्तुगिजांच्या काळात माडीवर कसलीशी कचेरी होती म्हणतात. दादा सोळाव्या वर्षी त्या चुलीपुढे उभा राहिला तो आज सत्तरीला आला. त्याला दुसरं काही येत नाही, आणि यावं असं वाटलंही नाही. मी लग्न केलं नाही, त्याच्याच घरात राहते, आणि निवृत्तीनंतर दुकानाचे कागदपत्र, अर्ज, परवाने हे सगळं माझ्याकडे आलं. दादा म्हणायचा, "बाय वाचता, म्हणजे झाला."

तीनेक वर्षांपूर्वी बाजारात कुजबुज सुरू झाली. जुन्या इमारती जपायचे नियम आता पेडण्यालाही लागू होणार, त्यासाठी यादी करायचं काम चाललंय. नियम साधा होता. यादीत आलेली इमारत समितीच्या परवानगीशिवाय पाडता येणार नाही, तिचा दर्शनी भाग बदलता येणार नाही, आणि मोठी दुरुस्ती आधी विचारून करावी लागेल. पण बाजाराने त्यातला शेवटचा भागच तेवढा ऐकला. खिळा ठोकायचा तर पणजीला जावं लागेल, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, घर सरकारजमा होणार. केशकर्तनालयात मात्र अशी पक्की बातमी होती, की जुन्या इमारतीत लाकडाची चूल चालणार नाही, धुराने भिंती खराब होतात.

ते मी ऐकलं आणि तेच खरं धरलं. दादाचा चहा त्या चुलीवरचा. गॅसवर केलेला चहा त्याला स्वतःलाच आवडत नाही. चूल गेली तर तो दुकानात नुसता बसून राहील आणि वर्षभरात खचेल, हे मला समोर दिसत होतं.

पंधरा दिवसांनी यादीच्या कामासाठी पणजीहून एक मुलगी आली. पंचविशीतली, पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, आणि हातात अर्थातच टेप. बोलायला इतकी नम्र की मी तिथेच सावध झाले.

"बाय, तिका बसूंक सांग," दादा चुलीपुढून म्हणाला. "उन्हातसून आयल्या ती. च्या घे गो पोरी."

तिने चहा घेतला, छान म्हणाली, सज्जाकडे बघून आणखी छान म्हणाली. मग म्हणाली, "काका, ही इमारत यादीत आली तर तुमचाच फायदा आहे. उद्या कुणी पाडायची म्हटली तर सहज पाडता येणार नाही."

आमच्या फायद्याचं सांगायला पणजीहून माणूस यावा, हे मला काही पचलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. दादा मात्र खुलला. "वर आढ्यार बांधल्याचा साल कोरलेला आसा," तो म्हणाला. "माझो बापूस सांगायचो, तेच्याय आधीचा—"

"दादा, दूध उतू जाता," मी म्हटलं. दूध उतू जात नव्हतं. पण तो वळला, आणि पुढचं मी हातात घेतलं.

तिच्याकडे एक तक्ता होता. इमारत केव्हाची, छप्पर कसलं, काय काय बदललं, माहिती कोणी दिली, खाली सही. तिने पेन काढलं. तिला लिहू दिलं तर ती काय लिहील याचा नेम नाही, म्हणून मी म्हटलं, "आणा इकडे, मी शिक्षिका होते, सुवाच्य लिहीन." आणि तक्ता मी स्वतःच भरला. इमारत गोवा मुक्तीनंतर बांधलेली. पूर्वी इथे झावळ्यांची खोप होती. लाकूड दुसऱ्या मोडक्या घरातून आणलेलं, त्यामुळे त्यावरच्या सालाला अर्थ नाही. दर्शनी भाग दोनदा बदललेला. एकेक ओळ लिहिताना मला भारी मजा वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे.

मुलीने ते वाचून वर पाहिलं. "मी एकदा चढून छपराचं आढं बघू का?"

"शिडी मोडली आहे," मी म्हटलं.

दुकान दादाच्या नावावर, म्हणून सही त्याची हवी होती. त्याने कडबोळ्यांची बरणी बाजूला सारून तिथेच सही केली. काय लिहिलंय ते त्याने पाहिलं नाही.

ती आणखी एकदा आली. दादा त्या दिवशी डोळे दाखवायला म्हापशाला गेला होता. तिने पुन्हा शिडीचं विचारलं, मी पुन्हा मोडकी सांगितली. शिडी मागच्या दाराशी उभी होती. ती आली होती हे मी दादाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने तिला फोन करून बोलावलं असतं.

यादी लागली. समोरच्या कापडवाल्याची इमारत त्यात होती. त्याने बिचाऱ्याने आपल्या घरमालकाचे जुने कागदसुद्धा दाखवले होते. आमचं नाव कुठेच नव्हतं. मी दुकानात बसून दोन प्लेटी भजी खाल्ली आणि कापडवाल्याकडे दयेने पाहिलं.

पुढच्या वर्षी भाटकार वारले. त्यांचा मुंबईचा पुतण्या आला, सोबत चकचकीत बुटांचा एक माणूस. दोघे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून वर बघत होते आणि टेप नव्हती, म्हणून मी दुर्लक्ष केलं. दोन महिन्यांनी नोटीस आली. इमारत पाडून तिथे चार मजली संकुल होणार, भाडेकरूंना काम पुरं झाल्यावर मागच्या बाजूला गाळा देण्याचा विचार करण्यात येईल. विचार करण्यात येईल, हे शब्द मी तीनदा वाचले. समोर कापडवाल्याच्या घरमालकानेही तोच चकचकीत बुटांचा माणूस आणला होता, पण समितीने पाडायला परवानगी दिली नाही. कापडवाला आता माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखली.

दादा नोटीस हातात घेऊन सोप्यावर बसला होता. "मागच्या बाजूक कोण येतलो च्या पियूक?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "इमारत जुनी ती जुनी. यादीत कशी नाय? कोणी तरी खोटा सांगल्यान. बाय, तू शोधून काढ. तुका माणसां बरोबर कळतत."

माझ्या मनात तेव्हा चोर नव्हता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. चूल वाचवायला मारलेल्या त्या थापा मी माझ्यापुरत्या विसरून गेले होते. माझा संशय आधी त्या मुलीवर गेला, पुतण्याने तिला वश केलं असणार. मग कापडवाल्यावर. मग नगरपालिकेतल्या एका कारकुनावर, ज्याने नुकतीच नवी गाडी घेतली होती. आठवडाभर मी एकेकाला आडवळणाने विचारत फिरले आणि कुणी ताकास तूर लागू दिली नाही, कारण कुणाकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी मी फाइल बघायचा अर्ज केला आणि पणजीची बस पकडली.

कचेरीतल्या बाईंनी फाइल समोर ठेवली. पुतण्याने पाडकामाच्या अर्जाला यादीच्या वेळच्या तक्त्याची प्रत जोडली होती, आणि त्यावर लाल शाईत शेरा होता, इमारत जुनी नसल्याचे भाडेकरूने स्वतः लिहून दिले आहे. मी पान उलटलं. मुलांना गिरवायला द्यावं तसं ते गोल, टपोरं अक्षर. गोवा मुक्तीनंतर. झावळ्यांची खोप. आणि खाली दादाची सही.

समासात दुसऱ्या हस्ताक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. "माहिती शंकास्पद वाटते. आढे पाहू दिले नाही. पुन्हा भेट द्यावी." त्याच्याखाली, "दुसरी भेट. भाडेकरू उपस्थित नव्हते, बहिणीने नकार दिला. पुराव्याअभावी वगळावे लागत आहे." वगळावे लागत आहे, असं तिने लिहिलं होतं. सगळ्या प्रकरणात आमच्या बाजूने एकटी तीच उभी होती आणि मी तिला दारातून परत पाठवलं होतं. मला लाज वाटली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तोही मी घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये, मला मान्य करायला हवं, मी म्हापशापर्यंत दुसऱ्या कुणावर काही ढकलता येईल का याचाच विचार करत होते. फाइल सापडली नाही, असं सांगता आलं असतं. दादाने विश्वास ठेवला असता. त्याने ठेवलाच असता, म्हणूनच मला ते सांगवेना.

दुपारी भजीची वेळ व्हायच्या आधी दुकान रिकामं असतं. दादा पेले विसळत होता. मी सगळं सांगितलं. चुलीची भीती, मी लिहिलेल्या ओळी, मोडकी शिडी. त्याने पेले विसळायचे थांबवले नाहीत.

"तू माझ्या चुलीसाठी केलंस," तो म्हणाला. मला वाटलं, सुटले.

मग त्याने विचारलं, "ती परत आयल्ली?"

"आयल्ली. तू म्हापशाक गेल्लंस तेव्हा."

"माका सांगूक नाय."

त्याने पेला पालथा घातला आणि दुसरा घेतला. तो रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं, मी भांडायला तयार होऊनच गेले होते.

पुढचे तीन दिवस मी बसून हरकतीचा अर्ज लिहिला. आधी दिलेली माहिती चुकीची होती, ती मी भीतीपोटी दिली, इमारत मुक्तीच्या कितीतरी आधीची आहे, आढ्यावरचं साल कोणत्याही दिवशी येऊन पाहावं. वडिलांच्या वेळची जीर्ण भाडेपावती जोडली. त्या मुलीला फोन केला. ती ऐकून घेत होती, आणि मध्येच म्हणाली, "पण मॅडम, तेव्हाही तुम्ही खात्रीनेच लिहिलं होतंत." ती पुन्हा तितक्याच नम्रपणे बोलत होती. समिती काय ठरवील ते तिला सांगता येत नव्हतं. एकदा लिहून दिलेलं खोटं होतं हे सिद्ध करायला फार पुरावा लागतो, एवढं मात्र तिने स्पष्ट सांगितलं.

मी अर्ज घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाइकं नव्हती. कागद बाकड्यावर ठेवला, सही करायची जागा बोटाने दाखवली आणि पेन पुढे केलं. दादाने हात पुसले. पेन घेतलं नाही. गल्ल्याच्या खणातून चष्मा काढून नाकावर चढवला आणि कागद उजेडाकडे धरून वाचायला लागला. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, शाळा सोडल्यापासून मोठा मजकूर न वाचलेला माणूस वाचतो तसा. 'जीर्ण' म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं. मी समोर उभी होते आणि आयुष्यभर मी लोकांच्या प्रत्येक शब्दाकडे बघत आले तसं कुणीतरी माझ्या शब्दांकडे बघत होतं.

शेवटपर्यंत वाचून त्याने मान वर केली.

"ह्या सगळा खरा मां?"

"खरा, दादा."

त्याने कागद पुन्हा उजेडात धरला आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागला.