शेवटच्या नंबरचा फेटा
नव्या फेट्याच्या कापडाचा वास आला की मला मलकापूरच्या पुढची ती वाडी आठवते. वादळात वीज गेल्यावर कुठली लाइन आधी जोडायची, हे सांगणारं कॉम्प्युटर मॉडेल मी कोल्हापुरात बसून बनवलं होतं. जिथं मीटर जास्त तिथं आधी, असा त्याचा साधा हिशेब. वळवाच्या वादळात वाडीचे खांब आडवे झाले आणि त्या हिशेबानं वाडीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. लाइट आली त्याच दिवशी मी पाहणीला गेलो. दूध डेअरीच्या दारात आंबूस वास कोंदला होता. कूलर बंद पडल्यामुळं गावाचं सगळं दूध ओढ्यात ओतावं लागलं होतं. आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीतच होतो, तर समोर खुर्ची मांडलेली आणि ताटात नारळ. डेअरीचे चेअरमन स्वतःच्या हातानं मला फेटा बांधायला लागले. "पावणं, तुमी आमची वाडी कॉम्प्युटरात घातलीसा म्हणं. आजवर ती कुणाच्या ध्यानात न्हवती की." वाडी कितव्या नंबरवर घातली होती ते सांगायला मी तोंड उघडलं, पण डोकं त्यांच्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर टाळ्याही सुरू झाल्या होत्या. मग चहा आला, कोरा. "आज दूध न्हाय, राग मानू नगासा," ते म्हणाले. पुढं मॉडेलमधला हिशेब मी बदलला. लग्नात फेटेवाला समोर आला, की मात्र अजूनही डोकं दुखतंय असं सांगून मी उठतो.