घंटेच्या जागी आलेली हाक

आधीच सांगते, या पानावरचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. डबा खाताना मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि दोघींनी मिळून चुका काढायच्या... "इथं वायरिंग खराब असणार", "इथं बाईची झोप झाली नसणार". मी इंजिनिअर आहे, नांदेडची. घरी कुणी करणी, भूतबाधा असला विषय काढला की वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते, कारण जे झालं ते मी एकटीनं ऐकलेलं नाही. आणि त्यात भीती नव्हती. काय होतं, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हा मी लातूरला नोकरीला होते. ट्यूशनच्या क्लासेसनी भरलेली ती गल्ली — लातूरकरांना वेगळं सांगायला नको. खाली झेरॉक्सचं दुकान, मधल्या मजल्यांवर फिजिक्सचे क्लास, जिन्यात चपलांचा हा एवढा ढीग, आणि सगळ्यात वर आमचं छोटंसं ऑफिस. घरी मी "सॉफ्टवेअर" एवढंच सांगितलं होतं. खरं काम असं — परदेशातली एक ऑनलाइन कॅसिनोची वेबसाईट, जिथं ते कायदेशीर आहे अशा देशातली. अशा वेबसाईटवरचे गेम तिचे स्वतःचे नसतात. ते निरनिराळ्या कंपन्या बनवतात, आणि त्यांचे गेम या वेबसाईटमध्ये नीट बसवून देणं हे आमचं काम. खेळणाऱ्याची शिल्लक इकडून तिकडं बरोबर गेली पाहिजे, जिंकलेलं परत आलं पाहिजे, मध्येच नेट गेलं तर डाव अर्धवट लटकता कामा नये. माझ्या आईच्या भाषेत, एकाच्या घरचं सामान दुसऱ्याच्या घरात लावून द्यायचं.

सुमन आमची टेस्टर. मी गेम जोडायचा, तिनं तो दिवसभर खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. तीसएक वर्षांची, नांदेडला मामाकडं वाढलेली, लग्न होऊन लातूरला आलेली. आई-वडील किल्लारीच्या भूकंपात गेले. ती तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली पोर. ढिगाऱ्यातून निघाली ती एकटीच. हे तिनं एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "मला काहीच आठवत न्हाई मॅडम. चेहरा न्हाई, आवाज न्हाई. फोटोपण न्हाई एक. कधीकधी वाटतं, होती का न्हाई आई, का मी आपली उगवलेच तिथं." आणि हसली होती.

एक दिवस युरोपातल्या एका छोट्या कंपनीचा नवा गेम आला. बाग, पक्षी, फिरणाऱ्या चक्रांवर फळं. तीन पक्षी जुळले की फुकटच्या फेऱ्या मिळायच्या, आणि त्या सुरू होताना चर्चच्या घंटेचा एक लांब टोल वाजायचा. कागदावर तरी असंच होतं.

सुमन माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, ह्या गेममध्ये कोनतरी बाई बोलायली."

मी हेडफोन लावला. तिनं फुकटच्या फेऱ्या सुरू केल्या. घंटा वाजली नाही. त्या जागी एका बाईचा आवाज आला. जरा लांबून, उघड्यावरून यावा तसा. "हॅपी..." मग काहीतरी परकं, "उन्नाका बा", आणि शेवटचा "बा" लांबवलेला. पुन्हा "हॅपी... उन्नाका बा".

मला काहीच विशेष वाटलं नाही. त्यांच्या भाषेत "शाबास, जिंकलात" असं काहीतरी असेल. चूक म्हणून नोंदवलं आणि कंपनीला मेल टाकला, की घंटेच्या जागी तुमच्या भाषेतलं बोलणं लागलंय, बदलून द्या.

उत्तर आलं — आमच्या या गेममध्ये माणसाचा आवाज कुठंच नाही.

मी ती ध्वनीची फाईल वेगळी काढून वाजवली. घंटा. त्यांच्या स्वतःच्या डेमो पानावर गेम चालवला. घंटा. आमच्या ऑफिसात आमच्या टेस्टिंगच्या पानावर चालवला... बाई. ऑफिस चालवणारे आमचे सर म्हणाले, "कॅशे क्लिअर करा, ब्राउझरनं जुनं काहीतरी धरून ठेवलं असेल." केला. बाई. सरांना वाटलं खालच्या क्लासचा माईक कुठंतरी घुसतोय, तर खालच्या क्लासला सुट्टी होती तेव्हाही तेच. कॉम्प्युटर बदलले, वायरचे हेडफोन लावले, स्पीकर बदलला. सरांनी स्वतः ऐकलं, दुसऱ्या टेबलावरच्या दोघांनी ऐकलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तर रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आणि घंटा. ज्याची ती कॅसिनोची वेबसाईट, त्या परदेशातल्या क्लायंटनं तीच लिंक उघडली, त्यालाही घंटा. तो चिडला. म्हणाला, तुम्ही लोक करताय काय?

मी लॅपटॉप रूमवर घेऊन गेले. घंटा. मी अक्षरशः डोकं धरून बसले.

त्यात एकदा सुमन सुट्टीवर होती. पोरीच्या शाळेत काहीतरी होतं. त्या दिवशी ऑफिसातही घंटाच वाजली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी खूश. चूक मिटली म्हणून सगळ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सुमन आली, पर्स ठेवली, गेम चालू केला, आणि बाई बोलली.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, सुमन जवळ असली तरच बाई बोलते. मी सुमनकडं बघितलं, ती स्क्रीनकडं बघत होती.   ती म्हणाली, "मॅडम, हसू नका. मला ह्ये ऐकलं की भूक लागती."

"म्हणजे?"

"म्हणजे... लई भूक लागती. लहान लेकराला लागती तशी. आन् रडू येतं. कोनतरी रागवलंय माझ्यावर, आन् तरीबी बोलवायलंय असं वाटतं."

त्यानंतर ती कामापुरतं सोडून एरवीही तो गेम लावून बसायला लागली. पक्षी जुळेपर्यंत खेळत राहायची, आवाज ऐकायची, परत खेळायची. जेवणाचा डबा उघडून समोर ठेवायची. सरांचा जीव मात्र टांगणीला. क्लायंटनं निर्वाणीचं कळवलं होतं, गेम चालू करा नाहीतर काम दुसऱ्याकडं देतो. सरांनी मला सांगितलं, गेमवाल्या कंपनीची परवानगी घ्या, ती घंटेची फाईलच काढून टाका, दुसरा कुठलाही टोल लावा. परवानगी आलीही. मी सुमनला सांगितलं तेव्हा ती इतकी पांढरी पडली की मीच घाबरले.

"उद्या करा," ती म्हणाली. "आज मामा यायलेत. त्यांना एकदा ऐकवते. फक्त एकदा."

मामा डोळे तपासायला लातूरला आले होते. रिटायर्ड शिक्षक, विज्ञान शिकवायचे. दवाखान्यातून थेट आमच्या ऑफिसात आले, भर दुपारी. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे रुमालानं पुसत होते. "जय भीम," म्हणून सगळ्यांना हात जोडले. सुमननं मला आधीच सांगितलं होतं, मामा बुवाबाजीच्या विरोधात गावोगाव भाषणं देत फिरलेले आहेत, त्यांच्यापुढं असलं काही काढायचं नाही. म्हणून आम्ही काहीच सांगितलं नाही. एवढंच, की मामा, आमच्याकडं आलेल्या गेमचा आवाज बघा कसा वाटतो.

"जुगाराचाच ना?" मामा म्हणाले. "लाव, लाव. ऐकू दे, भाची काय काम करती ते."

मी स्पीकर चालू केला. सुमन खेळत होती. एक पक्षी, दोन पक्षी, हुकलं. परत. मामा रुमाल घडी घालत खिडकीपाशी उभे होते. मग तीन पक्षी जुळले.

"हॅपी... उन्नाका बा..."

मामांच्या हातातला रुमाल खाली पडला. ते वळले, पण स्पीकरकडं नाही. दाराकडं वळले. घरात कुणी बाहेरून हाक मारली की आपण जसे वळतो, तसे.

"आक्का?"

 आवाज परत आला, अगदी तसाच, जरा लांबून, उघड्यावरून. मामा दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम बदलला, शिक्षकाचा राहिला नाही.

"सुमन, ही तुझी आई हाय."

सुमन खुर्चीतून उठलीच नाही. तिच्या तोंडातून फक्त "मामा..." एवढंच आलं.

"हॅपी न्हाई म्हनत ती. अप्पी म्हनती. अप्पी. तुला अप्पी म्हनायची ती." मामा थांबून थांबून बोलत होते. "आमचं गाव निलंग्याच्या पल्याड, सरहद्दीवर. घरात अर्धं कानडीच. उण्णाक बा म्हंजी जेवायला ये. दारात उभं राहून अशीच वरडायची. मी लहान होतो तवा मला, मग तुला. सगळी गल्ली ऐकायची."

"मला तर कुणी... मला कधी कुणी अप्पी म्हणलं न्हाई, मामा."

"म्हनलो होतो की. नांदेडला आणली तवा पयल्यांदी त्याच नावानं हाक मारायलो तुला. तर तू पळत दारात जायचीस आन् तिथंच बसायचीस. उठायची न्हाईस. जेवायची न्हाईस. तुझी मामी म्हनली, ह्ये नाव नको आता. मग सुमन ठेवलं. कुनी परत त्ये नाव तोंडातून काढलं न्हाई."

आमच्यात कन्नड कुणालाच येत नव्हतं. आम्ही इतके दिवस त्या आवाजाला परदेशी भाषा समजत होतो. सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मग मामांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. सुमनला म्हणाले, "लाव बरं अजून एकदा." तिनं माउस माझ्याकडं सरकवला, म्हणून मी खेळले. पक्षी जुळायला वेळ लागला. तेवढा वेळ खालून क्लासच्या सरांचं शिकवणं ऐकू येत होतं. जुळले. हाक आली.

आणि मामांनी ओ दिली. मोठ्यानं, मळ्यातून द्यावी तशी.

"आलो गं आक्काऽऽ! अप्पी हाय माझ्यापाशी. जेवती. बरी हाय. लेक झाली तिला. तू काळजी करू नको आता."

सुमन उठली, मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दाराकडं तोंड करून. रडत रडतच म्हणाली, "आई, जेवते मी."

मी परत खेळले. मला कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप चालत होता. तीन पक्षी जुळले, आणि घंटा वाजली. एकच, लांब, स्वच्छ टोल. परत खेळले, घंटा. सुमन तिथंच होती, मामा तिथंच होते, कॉम्प्युटर तोच, पान तेच. घंटा. संध्याकाळपर्यंत घंटा. फाईल बदलायची गरजच पडली नाही, गेम तसाच चालू झाला. त्या देशातले लोक आजही खेळत असतील.

जाताना मी मामांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. राहवलं नाही, विचारलं. "मामा, तुम्ही तर असलं काही मानत नाही ना?"

मामा कठड्याशी सरकले. क्लास सुटला होता, मुलं आम्हाला चुकवून धडाधडा उतरत होती. "आताबी मानत न्हाई," ते म्हणाले. "पन आक्कानं हाक मारल्यावर ओ द्यायची न्हाई का, बाई?"

मी पुढं नोकरी बदलली, पण हे डोक्यातून गेलं नाही. आवाजाच्या क्षेत्रातल्या दोन जाणकारांना सगळं सांगून विचारलं. एकानं ऐकून घेतलं आणि विषय बदलला. दुसरा म्हणाला, तुम्हा सगळ्यांना एकच भास झाला. असेलही. पण ज्या बोलीतला एक शब्दही आमच्यापैकी कुणाला येत नव्हता, त्या बोलीत भास होतो का? आणि जिचं लहानपणीचं नाव तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, ते आम्ही कुठून ऐकलं? मला ठाऊक नाही. मी खूप शोधलं, खरंच ठाऊक नाही. परवा सुमनचा फोन आला होता. मामांची तब्येत विचारली, तर म्हणाली, ठणठणीत आहेत, रोज फोन करतात, आणि फोन उचलला की आधी एकच विचारतात... "अप्पी, जेवलीस का?"